घट बसेपर्यंत
मेंदीचा वास आला की नवीन जालन्यातली आमची भाड्याची खोली आठवते. मुलाचं लग्न ठरलं म्हणून घरमालक चाचांनी वकिलाकडून महिन्याभरात खोली सोडायची नोटीस दिली होती. मुदत संपत आली, तशी आई नाइलाजानं सामान बांधू लागली. ते पाहून चाचा दारात थांबले. "भाभी, तुमची पितरं चालू हैत ना? यात तुम्ही घर बदलत न्हाईत. घट बसू द्या, मंग आरामात जा." लग्न मात्र ठरल्या दिवशीच झालं. चाचा-चाचींनी आपली खोली नव्या सुनेला दिली आणि स्वतः ओसरीवर झोपले. तिच्या मेंदीचा वास आमच्या बांधलेल्या गाठोड्यांनाही लागला. परवा माझ्या भाडेकरूला नोटीस द्यायची होती. वकिलांनी मुदत विचारली. मी म्हटलं, "त्यांची ईद होऊ द्या, मंग बघू."