शेवटची पानं नसलेली कादंबरी

आमच्या नोएडातल्या मराठी वाचनकट्ट्यावर पुस्तकांवर चर्चा कमी आणि पुस्तकांचे किस्सेच जास्त जमतात. त्यातही एका कादंबरीने तर कहर केला!

दिल्लीच्या रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात मला ती मिळाली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लिश प्रेमकथा, हार्डबाउंड, उशीएवढी जाड. विक्रेता म्हणाला, "मॅडम, अंग्रेज़ छोड़ के गए थे!" घरी येऊन उघडली, तर आत स्टेशनसमोरच्या पहाडगंजमधल्या एका स्वस्त हॉटेलचा शिक्का!

*

पहिल्यांदा ती नेली वर्षाने. परभणीची मुलगी, यूपीएससीची तयारी करणारी. परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने नोट्स. नायक नायिकेचा हात हातात घेतो, त्या पानावर लिहिलं होतं, 'इथून प्रश्न येणार नाही.'

*

मग आयटीतला सुहास. मेट्रोच्या चेकिंगला जवानाने त्याची बॅग उघडायला लावली.

"ये क्या है?"

"लव्ह स्टोरी है, सर."

जवानाने पुस्तक हातात तोलून पाहिलं. "इतनी मोटी? घरवाले मान नहीं रहे थे क्या?"

*

सुहासने पुस्तक परत दिलं. "शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं, यार!"

मग मी वाचायला घेतलं. शेवटाला पोचते, तर शेवटची पानंच गायब! लगेच फोन लावला. "सुहास, शेवट कुठाय?"

तो आधी खाकरला. मग म्हणतो, "म्हणूनच तर पाणी आलं!"

*

पण खरी मजा केली कट्ट्यावरच्या जोशीकाकूंनी. काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. टीव्ही बंद, पेपर बंद. काका रिटायर्ड सरकारी अधिकारी. घरातही अजून ऑर्डरीच सोडायचे. काकू त्यांना हीच कादंबरी रोज मराठीत सांगत वाचून दाखवायच्या. शेवटच्या दिवशी मीही तिथेच होते.

पानं संपली. काकूंनी पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं, आणि वाचन चालूच! "मग ती त्याला म्हणाली, जन्मभर तुमचं ऐकलं, आता बास. तिने बॅग भरली आणि बहिणीकडे निघून गेली."

काका एकदम ताठ बसले. "बहिणीकडे? परत येते की नाही?"

"काय माहीत! पुढची पानंच नाहीत."

 काका काळा चष्मा सावरत उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि म्हणाले,

"अगं, चहा घेशील? मी टाकतो."