मोटेच्या दोरावर चढलेली खाट

रामटेकच्या घरी माळा आवरताना मोटेचा जुना दोर सापडला. बैलांच्या घामाचा वास अजून त्यात होता.

शिकारबंदीच्या आधीची गोष्ट. गुरं मारणाऱ्या वाघाला रान उठवून मचाणापुढं आणायचा हाका ठरला. दादाचे पाय पोलिओनं गेलेले, पण गावात नेम त्याचाच.

"त्याले मचाणावर कोन चढवीन गा?" पाटील म्हणाले.

"आमचे बैल चढवतीन!" मी म्हणाले.

दादाला खाटेवर बसवलं, दोर मोहाच्या फांदीवरून घेतला आणि मी जोडी हाकली. विहिरीतून मोट यावी तशी खाट वर गेली.

वाघ पडला, त्याचं आज वाईट वाटतं. पण जन्मभर जमिनीवरून मान वर करून बोलणारा माझा दादा त्या दिवशी झाडावरून ओरडला,

"सारे केवढेसे दिसून राहिले गा तुम्ही!"