वजनाच्या आदल्या दुपारपासून

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून माझी चुकवलेली शुगरची गोळीसुद्धा लपत नाही, म्हणजे बघा.

घरात मी किस्सेवाला माणूस. मंठ्याजवळच्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. सरांच्या आधी सरांचं पोट मैदानात येतं, असं पोरं म्हणतात, खोटं नाही. जेवताना माझी मुलं म्हणतात, "पप्पा, ते वजनकाट्याचं सांगा ना!" मंग मी सांगतो – कबड्डीच्या त्या गटाला वजनाची मर्यादा होती, आमची ऋतुजा थोडी जास्त भरत होती, आणि मी तिला ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घालून पळवलं. काटा बराबर मर्यादेवर थांबला तेव्हा तिच्याआधी मीच उडी मारली. सगळे हसतात. मी तिथंच थांबतो.

पुढचं – पुढचं कसं सांगायचं?

ऋतुजाचे वडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. पोरगी चढाईला निघाली की समोरच्या संघाचे पाय आपोआप मागं सरकायचे. अशी खेळाडू मला त्याआधी मिळाली नव्हती. नंतरही नाही.

आदल्या दुपारपासून मी तिला जेवू दिलं नव्हतं. डब्यातली भाकरी माझ्यासमोर मैत्रिणींना वाटायला लावली. "सर, पाणी तरी?" "वजन झालं की पी." आणि त्याच आठवड्यात मी वर्गात समतोल आहार शिकवला होता – फळ्यावर रंगीत खडूनं ताट काढून! माणूस इतका कोडगा असू शकतो? मी होतो. जालन्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत आपला संघ न्यायचा, एवढंच डोक्यात.

मंठ्याला तालुक्याच्या स्पर्धेत वजन झालं आणि लगेच सामना लागला. एक केळं कसंबसं खाल्लं तिनं. दुसऱ्या चढाईत कुणी हात लावायच्या आधीच ती कोसळली.

मंठ्यातच दवाखान्यात सलाईन लावलं. पोरगी कधीपासून उपाशी आहे, असं डॉक्टर विचारत होते, तेवढ्यात तिची आई दारात. कमरेला कापसाची ओटी तशीच बांधलेली. "काय झालं वं माझ्या लेकराला?"

आणि मी म्हणालो, "उपास धरल्ता तिनं. मला सांगितलंच न्हाई."

नवरात्र चालू होतं. सगळ्यांना लगेच पटलं.

"कुणी सांगितल्ता गं तुला उपास? मरायचं व्हतं का?" आईनं तिच्या मोकळ्या हातावर फटका मारला. ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. ती बोलली असती तर? तेव्हा मला भीती होती ती फक्त याचीच. तिच्या जिवाची नाही – माझ्या नोकरीची. पण ती बोलली नाही. सरांना खोटं पाडता येतं, हे आम्ही शाळेत शिकवतच नाही.

एवढंच असतं तरी कदाचित मी कधी तरी सांगून टाकलं असतं. पण संध्याकाळी तिची आई माझ्याजवळ आली. "सर, तुमी व्हता म्हणून वाचली. हिचे बाप फोनवर म्हणून राह्यले, खेळ बंद. पण तुमचा सबूद मोडायचे न्हाईत ते. तुमीच सांगा, खेळू देऊ का हिला?"

एक 'हो' म्हणायचं होतं. पण ती मैदानावर परत आली, की आज ना उद्या मैत्रिणींजवळ बोलणार – हेही मला दिसत होतं.

"नको, ताई," मी म्हणालो. "शरीर कमजोर आहे तिचं. तिला झेपायचं न्हाई."

आईनं हात जोडले. मी ते जोडू दिले.

ऋतुजा भिंतीकडं तोंड करून पडली होती. जागी होती.