बाकावरचे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी गळाला लागलेले जितके मासे पाण्यात परत सोडले, तितके ठाण्याच्या खाडीत आजवर जन्मालाही आले नसतील. नात्याने ते माझे मामेसासरे. राहायचे नौपाड्यात, नोकरी कल्याणच्या एका कचेरीत हेडक्लार्कची, आणि घरातलं सोवळंओवळं असं कडक की चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर जायचा. अशा घरातला हा गृहस्थ दर रविवारी सकाळी मासे धरायला निघतो, ही गोष्ट लग्न ठरवताना आम्हाला कोणी सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी आठ दिवस आधीच होकार दिला असता.

मामा मासे धरायचे, पण खायचे नाहीत, मारायचे नाहीत आणि कोणाला द्यायचेही नाहीत. पकडला की त्याच्याशी दोन शब्द बोलून त्याला पाण्यात सोडायचं, एवढाच त्यांचा शौक. गांडुळाला हात लावायला त्यांचा जीव धजायचा नाही, म्हणून आमिष कणकेचं. मामी पोळ्यांना बसल्या की मामा पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जायचे आणि लिंबाएवढा गोळा धोतराच्या कनवटीला लावून बाहेर यायचे. मग परसात बसून त्यात हिंग, जिरं आणि थोडं साजूक तूप मळायचं. "रोहूला जरा तूप लागतं, जावईबापू," ते मला समजावून सांगत, "कोरडी कणीक त्याच्या घशाखाली उतरत नाही." काठी घेऊन गेलं तर आळीत बोभाटा होईल म्हणून गळाची दोरी ते छत्रीच्या टोकाला बांधायचे. तळ्याकाठी हा माणूस मिटलेली छत्री पाण्यावर धरून दोन-दोन तास का बसतो, हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नसे, आणि कोणी विचारलंच तर मामा "वाळत घातलीय" असं सांगत. तीच छत्री सोमवारी कचेरीत जायची. एकदा गळ काढायचा राहिला आणि तो साहेबांच्या कोटाला अडकला. साहेब दारापर्यंत गेले, त्यांच्यामागोमाग छत्री गेली आणि छत्रीमागोमाग मामा गेले. पुढे साहेब काय बोलले ते मामांनी कधी सांगितलं नाही, पण साहेबांची ओढ चांगली होती असं मात्र ते मान्य करत.

तळ्यावरून आल्यावर विहिरीवर आंघोळ आणि मगच घरात पाऊल, हा मामींचा दंडक होता. तेवढं आटोपलं की मामा चहाही न घेता नौपाड्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पळायचे. रविवारी दवाखाना बंद असे आणि तिथे शिकाऱ्यांची आणि गळवाल्यांची बैठक भरत असे. डॉक्टर स्वतः बंदूकवाले, येऊरच्या जंगलातल्या डुकरांचा त्यांना मोठा नाद. दुसरे मोठे मानकरी म्हणजे खाडीकाठच्या एका मिठागराचे मालक, पिढ्यान्‌पिढ्यांचे आगरी, आणि जिताडा मासा पकडावा तर त्यांनीच. मीही डोंबिवलीहून अधूनमधून जायचो. आमच्या डोंबिवलीत तेव्हा भाताची खाचरं आणि बेडूक यांपलीकडे रविवारी काही नसे.

बैठकीचा एक नियम होता. गप्पा कोणीही माराव्यात, पण खुर्चीवर बसायचा मान पुरावा आणणाऱ्याचा. शिकाऱ्याने सुळा नाहीतर शिंग आणून खिळ्याला टांगायचं. गळवाल्याने मासा आणून दवाखान्याच्या पांढऱ्या भिंतीला लावायचा आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून आकार काढायचा. पुरावा नसलेल्याने पेशंटांच्या बाकावर बसायचं. त्या बाकावर मामा अकरा वर्षं बसले होते. डाव्या बाजूला त्यांची एक ठरलेली जागा होती आणि तिथलं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

पण बाकावरून गोष्टी सांगाव्यात त्या मामांनीच. कल्याणला उल्हास नदीत त्यांना असा एक मासा लागला होता की त्याने छत्री उघडली, मिटली आणि परत उघडली. एक तर दर आषाढात येऊन भेटून जायचा आणि चेहऱ्याने अगदी त्यांच्या थोरल्या व्याह्यांसारखा होता. मासा केवढा हे सांगताना मामांचे दोन्ही हात पसरत जायचे आणि शेजारी बसलेला माणूस सवयीने सरकून घ्यायचा.

"मंग तो मासा गेला कुठं, मामा?" मिठागराचे मालक विचारत.

"सोडला. एकादशी होती."

"मागच्या रविवारी पन एकादशीच व्हती!"

"ती त्या माशाची होती," मामा म्हणत, आणि सगळा दवाखाना हसायचा.

मामाही हसायचे. पण एका रविवारी मी लवकर पोचलो, तर दवाखान्यात मामा एकटेच होते आणि खुर्चीत बसले होते. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ ताठ, भिंतीवरच्या आकारांकडे नजर. माझी चाहूल लागताच ते चटकन उठले आणि फडक्याने खुर्ची पुसल्यासारखं करू लागले. मला तेव्हा फार वाईट वाटलं. या माणसाला जगात दुसरं काही नको होतं, त्या खुर्चीवर हक्काने बसायचं होतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी हट्टाने त्यांच्याबरोबर खोपटच्या तळ्यावर गेलो. "या वेळी सोडायचा नाही, मामा. भिंतीला लावू आणि मग आणून सोडू," असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. तासाभराने छत्री खरोखरच वाकली. मामांनी दोरी ओढली आणि पाण्याबाहेर एक चमचमता रोहू आला. मामा इतके गडबडले की त्याला "या, या" म्हणाले. आता हा जिवंत न्यायचा कशात? मासा दोरीवरच पाण्यात ठेवून मामा बसले आणि मी धावत घरी गेलो. मामींना सांगितलं, की मामांचा पाय मुरगळलाय, डॉक्टरांकडे नेतोय, शेकायला घंगाळ हवंय. त्या माउलीने आंघोळीचं लख्ख घासलेलं तांब्याचं घंगाळ माझ्या हाती दिलं. मला स्वतःची लाज वाटली, पण टांगा बाहेर उभा होता.

दवाखान्यात आम्ही घंगाळ घेऊन शिरलो तेव्हा सगळे उठून उभे राहिले. डॉक्टरांनी माशाचं डोकं धरलं, मिठागराच्या मालकांनी शेपटी धरली आणि पेन्सिल माझ्याकडे आली. मी रेघ सुरू करतो न करतो तोच माशाने उसळी मारली. डोकं एकीकडे सरकलं, शेपटी दुसरीकडे, आणि मी दोघांच्या मागे पेन्सिल पळवत राहिलो. मासा घंगाळात परत पडला तेव्हा भिंतीवर अडीच हात लांबीचा आकार उमटला होता. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "बसा मामा!"

मामा बसले नाहीत. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, घंगाळात पाहिलं, धोतराचा सोगा ओला केला आणि रेघ पुसून काढली.

"अहो, हे काय करताय?" मी ओरडलो.

"एवढा नाही तो, जावईबापू. बाकावर बसून बोलायचं ते निराळं. हे भिंतीवर राहणार. पुन्हा काढा, मी धरतो."

मामांनी मासा दोन्ही हातांनी अलगद भिंतीला लावला. "जरा थांब बाबा, झालंच," ते त्याला म्हणाले, आणि तो खरोखर थांबला. एक वीत आणि चार बोटं. भिंतीवरच्या सगळ्या माशांत धाकटा.

"आवरासाच हाय, मामा," मिठागराचे मालक हळूच म्हणाले, "पन हाय!"

तेवढ्यात दारात मामी उभ्या राहिल्या. पाय चोळायला तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी मामांचे धडधाकट पाय पाहिले, मग आपलं घंगाळ पाहिलं, मग घंगाळातला रोहू. आता काय होतंय म्हणून डॉक्टरसुद्धा बंदुकीच्या कपाटामागे सरकले. मामी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "आधी त्याला सोडून या," त्या म्हणाल्या, "धाप लागलीय बिचाऱ्याला. तुमचं मग बघते." मासा तळ्यात परत गेला. घंगाळ मात्र पुन्हा घरात आलं नाही, मामींनी त्यात मागच्या दारी झेंडू लावला.

पुढच्या रविवारपासून मामा खुर्चीवर बसू लागले आणि बैठकीची रया गेली. मामांनी उल्हास नदी काढली की त्यांची नजर भिंतीवर जायची आणि पसरायला निघालेले हात मांडीवर परत यायचे. "होता आपला... वीतभर," असं म्हणून ते गप्प बसत. आम्ही खोदून खोदून विचारायचो, छत्री उघडणाऱ्या माशाची आठवण द्यायचो, तर म्हणत, "वारा असेल हो." दोन महिने हे चाललं. खुर्चीत बसलेला तो मुका माणूस बघवेना. डॉक्टरांची डुकरं दर रविवारी तीच, आणि आम्ही लवकर घरी जाऊ लागलो.

मग एका रविवारी मामा आले तर भिंतीवर त्यांचा मासा नव्हता. तिथे फक्त ओलसर डाग होता आणि स्पिरिटचा वास येत होता. मामा त्या जागेसमोर उभे राहिले. डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "ओल आली हो भिंतीला." माघ चालू होता आणि तीन महिन्यांत पावसाचा थेंब पडला नव्हता.

"ओल फार वाईट," मामा म्हणाले. मग त्यांनी खुर्ची आपल्या हाताने मागे सारली, बाकावर डाव्या बाजूला जाऊन बसले, धोतर सारखं केलं आणि सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. "तुम्हाला त्या खोपटच्या रोहूची गोष्ट कधी सांगितली का?"

"नाही बुवा!" डोकं धरणारे, शेपटी धरणारे आणि पेन्सिल धरणारा मी, सगळे एकदम म्हणालो. मामांचे हात पसरू लागले. मी सरकून घेतलं, तरी त्यांचा उजवा हात माझ्या चष्म्याला लागलाच.

मामा जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. रविवारी सकाळी मला त्यांची फार आठवण येते. इतकं निर्मळ खोटं बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही. परवा माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, मामाआजोबांचा तो मासा खरंच केवढा होता हो?" पेन्सिल माझ्याच हातात होती, बोटाबोटाचा हिशेब मला पाठ आहे. खरं तेवढंच सांगायचं म्हणून मी दोन हात समोर धरले, आणि ते आपोआप पसरत गेले.