हवालदाराने लपवलेली दोन मिनिटे

नोकरीतल्या कितीतरी घटना आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात मी एका निरपराध माणसाला जवळजवळ चोर ठरवून टाकले होते.

तेव्हा मी वर्धा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. आंजी (मोठी) हे गाव आमच्याच हद्दीत. सोयाबीन निघाले होते आणि हरभऱ्यासाठी वावरे तयार करण्याची घाई चालली होती. एका सकाळी लष्कराच्या गाड्या आणि शस्त्रसामग्रीचा पुरवठा पाहणाऱ्या विभागाचा ताफा आर्वीहून आंजीमार्गे वर्ध्याकडे गेला. वर्ध्याच्या पुढे जामला जेवणासाठी थांबल्यावर मोजदाद झाली, तेव्हा शेवटच्या ट्रकमधली एक हिरवी पेटी कमी भरली. आत तोफेचे सुटे भाग होते. स्फोटक काही नव्हते, पण भलत्याच्या हाती जाऊन चालेल अशी ती वस्तूही नव्हती.

त्या ट्रकवरचा हवालदार नेमका आंजीचाच. निवृत्तीला काही महिने उरलेले. दुपारी त्याला आणि ट्रकच्या चालकाला घेऊन एक मेजर ठाण्यात आले. तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली. मेजर मितभाषी होते. ते एवढेच म्हणाले, "परवा संध्याकाळपर्यंत पेटी सीलबंद मिळाली, तर हा निष्काळजीपणा. नाही मिळाली, तर कोर्ट मार्शल. मग याची पेन्शनसुद्धा वाचणार नाही."

मी हवालदाराला समोर बसवले. "ट्रक वाटेत कुठे थांबला होता?"

"कुठंच नाई, साहेब."

बोलताना त्याची नजर भिंतीवर होती. माणूस खोटे बोलतो आहे हे ओळखण्याची मला घमेंड होती, आणि हा खोटेच बोलत होता. चालकाला वेगळ्या खोलीत नेऊन तोच प्रश्न विचारला. त्याने पाणीही न पिता सांगून टाकले, की गाडी आंजीच्या फाट्यावर दोन मिनिटे थांबली होती.

मी परत येऊन हे ऐकवले, तेव्हा हवालदाराचा चेहरा उतरला. "थांबलो, साहेब. माय फाट्यावर डबा घेऊन उभी होती. हुकमाबिगर गाडी थांबवाले मनाई असते, म्हणून बोललो नाई. पण पेटी मी कोणाले देली नाई."

"एकदा खोटं बोललास. आता विश्वास का ठेवू?"

माझ्या मते गुन्हा तिथेच उघडकीला आला होता. पंच घेऊन त्याच्या घराची झडती घेतली. कोठीपासून माळ्यापर्यंत सगळे उलथेपालथे केले. त्याची म्हातारी आई दारात उभी राहून बघत होती. "पाहा बापू, सारं पाहा. पण दोन मिनिटांत तो डबा घेईन का चोरी करीन?" मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. घरात काही सापडले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीच्या एका चालकाकडून खबर आली. आदल्या दिवशी आंजीजवळ त्याने एका बैलबंडीत हिरवी पेटी पाहिली होती. बैल कोणाचे, ते मात्र ठाऊक नव्हते. मी लगेच हुकूम सोडला, "दिसेल ती हिरवी पेटी उचलून आणा."

असा हुकूम आमच्या भागात फक्त वेडा माणूस देऊ शकतो. लष्कराच्या लिलावातल्या रिकाम्या पेट्या इथे घरोघरी आहेत. कोणी त्यात तूर ठेवतो, कोणी गोधड्या. माझ्याच क्वार्टरमध्ये टीव्ही अशा पेटीवर ठेवलेला होता. संध्याकाळपर्यंत ठाण्याचा व्हरांडा पेट्यांनी भरून गेला आणि लोक आमच्या नावाने खडे फोडू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक बाई तणतणत आत शिरली. "साहेब, माह्या पेटीत कोंबडी अंड्यावर बसली होती. तुमच्या शिपायानं कोंबडी बाहेर फेकली न् पेटी आणली! खाली पेट्या कायले जमा करून राह्यले? भरलेली पायजे असन तं आमच्या शेजाऱ्याच्या वखरावर पाहा. दोन माणसायले उचलत नाई ते."

जीप काढली. मेजर आणि आंजीच्या पोलीस चौकीचा जमादार बरोबर होते. वखराची पास, म्हणजे लोखंडी पाते, जमिनीत खोल जावी म्हणून आमच्याकडे वखरावर दगड ठेवतात. या शेतकऱ्याने दगडाच्या जागी दोराने हिरवी पेटी बांधली होती. आम्हाला पाहून त्याने बैल थांबवले.

"या साहेब. आता आठवण आली का?"

"म्हणजे?"

"पुलाजवळच्या गतिरोधकापाशी पडली होती. त्याच दिवशी चौघं लावून बंडीत घातली न् चौकीत नेली म्या. जमादारसाहेब खिडकीतूनच म्हणे, लिलावातली आहे, घरी ने. मी म्हटलं, लय जड आहे. तं म्हणे, तुह्या वावरात ने."

मी मागे वळून पाहिले. जमादार बुटांकडे बघत होता.

"उघडून नाही पाहिली?"

"काऊन उघडू? कुलूप माह्यं आहे का?"

मेजरांनी रुमालाने चिखल पुसला. सील जसेच्या तसे होते. मी बांधावर बसलो आणि मोठ्याने हसलो. एवढे हलके मला कित्येक वर्षांत वाटले नव्हते. पंचनामा तिथेच बांधावर लिहिला.

घडले ते सरळ होते. डबा मागे ठेवताना हवालदाराने ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी नीट लावली नाही आणि पेटी पुढच्या गतिरोधकावर खाली पडली. मेजरांनी निष्काळजीपणा एवढाच शेरा मारला. जमादाराविरुद्धचा अहवाल मी स्वतः वर पाठवला.

ठाण्यात परतलो तेव्हा तिथे बसवून ठेवलेला हवालदार उठून उभा राहिला. त्याने एकच शब्द विचारला, "सील?"

"शाबूत."

तो मटकन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी म्हणालो, "माझं चुकलं." तो मान हलवत राहिला. "नाई साहेब, खोटं तं मीच बोललो होतो."

खोटे बोलणारा माणूस आपण शोधतो तीच गोष्ट लपवत असेल असे नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. त्याला आईसाठी गाडी थांबवल्याचे लपवायचे होते आणि मी त्यात चोरी वाचली. त्यानंतर एखाद्याचे खोटे पकडले, की मी आधी एवढेच विचारत असे, "तुला भीती कशाची वाटते?" पुष्कळ प्रकरणे या प्रश्नाने सुटली.

त्याची आई आदल्या दिवसापासून ठाण्याच्या फाटकाशी बसून होती. मी स्वतः तिच्याकडे गेलो. "माय, पेटी सापडली."

"नोकरी राह्यली ना त्याची?"

"राहिली."

तिने डोळे पुसले, लुगडे झटकले आणि उठली. "मंग त्याले सांगजा बापू, आता रिटायर होऊनच येजो म्हणा. मी फाट्यावर येत नाई."