फोन फॉर्म खात नव्हता

मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्याच बोटाने मला उघडं पाडलं... आणि तरी घरी आले ती ताठ मानेने. कसं ते सांगते. बोलून टाइप करतेय, कुठे चुकलं तर ते फोनचं.

आमच्या इंदिरानगरात साठीपुढच्या बायकांसाठी मोबाईलचा वर्ग चालतो. शिकवणारी ऋतुजा, वयाने माझ्या नातीएवढी. आम्ही तिला मॅडम म्हणतो, ती आम्हाला आजी म्हणते. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर ही पहिली मॅडम.

तिची एक पद्धत आहे. वर्गात बसलं की स्क्रीनचं रेकॉर्डिंग चालू करायचं. आपण काय उघडलं, कुठे दाबलं, सगळं त्यात येतं. मग जिचं तिने पाहायचं आणि काय दिसलं ते सांगायचं. ती आधी काही बोलत नाही.

पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "माझ्या बोटावर पहारा कशाला गं? मी काय चोर आहे?" ती म्हणाली, "आजी, बघणार तुम्हीच. मला दाखवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा." पोरगी गोड बोलते. मी चालू करू दिलं, पण मनातून पटलं नव्हतं.

मला तिथे एकच काम शिकायचं होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा दाखवायचाय. दवाखान्यात नंबर आता ऑनलाइनच लागतो. मुलगा अंबडला कंपनीत... आज लावतो, उद्या लावतो करत त्याने उन्हाळा काढला. विचारलं की म्हणायचा, "लावतो ना आई, डोळा कुठे पळून चाललाय?" डोळा जागेवरच आहे, नजर चाललीय. पण सांगणार कोणाला...

एकदा मी स्वतः लावायला बसले तर हातातून फोन घेतला. "दे इकडे, तुला नाही जमायचं." तेवढ्यात त्याच्या कंपनीतून फोन आला आणि नंबर पुन्हा राहिला. त्या दिवशी ठरवलं, हा नंबर आता मीच लावणार.

पण जमेना. नाव भरलं, वय भरलं, डॉक्टर निवडला... शेवटी ओटीपी येतो, तो मेसेजमध्ये बघून परत यावं तर फॉर्म गायब. पुन्हा पहिलं पान, कोरं. घरीही तेच, वर्गातही तेच.

मी जाहीर करून टाकलं, हा फोन फॉर्म खातो. मुलाने स्वस्तातला आणलाय, दुसरं काय. शेजारच्या बिल्डिंगमधली रझिया माझ्या बाजूला बसते. ती म्हणाली, "ताई, माझा तर महागाचा आहे, तोही खातो."

मंगळवारी परत फॉर्म गेला. मी फोन बाकावर आपटला. ऋतुजा आली, वाटलं आता समजावत बसेल. तर म्हणते, "आजी, रेकॉर्डिंग बघायचं?"

"बघ. बघ या फोनचे प्रताप."

"मी नाही, तुम्ही बघा."

बघितलं. माझं बोट जिथे टेकतं तिथे पांढरा ठिपका उमटतो. ठिपका नाव भरतोय, वय भरतोय... अगदी शहाण्यासारखा. ओटीपी आला. ठिपका फॉर्ममधून बाहेर पडला, आणि मेसेज उघडायच्या आधी त्याने काय करावं... जे जे उघडं होतं ते एकेक वर ढकलून बंद केलं. फॉर्मसुद्धा. मग ऐटीत मेसेज उघडला.

"थांब, मागे घे," मी म्हटलं. पुन्हा पाहिलं. मॅडम गप्प.

मी आयुष्यभर खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करत आलेय. घरात कोणी चालू सोडला तर माझं तोंड सुरू होतं. काम झालं की अ‍ॅप कसं बंद करायचं हे ऋतुजाने शिकवलं, तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी मलाच जमलं होतं... आणि आवडलंही होतं. आता कळलं. फॉर्ममधून मेसेजकडे जाताना मी दर वेळी दिवा बंद करून निघत होते.

"फोन नाही खात," मी म्हटलं. "मीच बंद करतेय. काम व्हायच्या आधी."

ऋतुजा एवढंच म्हणाली, "मग आता?"

"आता दिवा चालू ठेवून जाते."

फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला. ओटीपी आला. बाहेर गेले, बोट आवरलं, आकडे पुटपुटत परत आले... फॉर्म जागेवर. आकडे भरले. हिरवी खूण आली आणि खाली लिहिलेलं, शुक्रवार, सकाळी साडेदहा.

मग ऋतुजाने हळूच विचारलं, हे रेकॉर्डिंग वर्गाला दाखवलं तर चालेल का. आधी वाटलं, आपली चूक भिंतीवर कशाला लावायची... पण ती शोधली कोणी? मी. म्हटलं, लाव मोठ्या पडद्यावर.

पडद्यावर ठिपका फॉर्म बंद करतोय तोच रझियाने कपाळाला हात लावला. "ताई, हे तर मीपण करते की."

"मग फोनला शिव्या कशाला देत होतीस?"

"तुमचं ऐकून."

सगळा वर्ग हसला. मला हसावंच लागलं.

संध्याकाळी मुलगा चहा पिता पिता म्हणाला, "आई, रविवारी नक्की लावतो हं तुझा नंबर." मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, परत वाचलं.

"कोणी लावून दिला?"

"मी लावला. शुक्रवारी सकाळची रजा टाक. तेवढं जमेल ना तुला?"

माझी चूक कोणी सांगितलेली मला कधी आवडली नाही, पुढेही आवडणार नाही. त्या पोरीने मला माझंच बोट दाखवलं आणि स्वतः गप्प बसली. गप्प बसणं किती अवघड असतं ते मला विचारा... म्हणून तिला मानते.

मुलगा फोनकडे बघतच बसला होता. मी चहाचे कप उचलले आणि हॉलचा दिवा बंद करून आत गेले.