दाढ काढायला उपाशी गेले

मैत्रिणींनो, आज अखेर दाढ काढली. भीतीपोटी दिवाळीपासून टाळत होते. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं असं ऐकलेलं, म्हणून मुद्दाम संकष्टीच गाठली. एका उपासात दोन्ही कामं.

सूस गावातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "मला पूर्ण झोपवूनच काढा."

त्या हसल्या. "काकू, गुंगीचं औषध देता येतं, पण या दाढेला हिरडीतलं इंजेक्शन पुरे. आणि त्याला खाऊन यायचं असतं. दुखलं तर हात वर करा, मी थांबेन."

बाहेर बाकावर बसून पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. मग खुर्चीत डोळे मिटून मनात अथर्वशीर्ष सुरू केलं. फलश्रुतीच्या आधीच दाढ बाहेर. हात वर करायची वेळच आली नाही.

आता चंद्रोदयाची वाट बघतेय. मोदक गार करून ठेवलेत, डाव्या बाजूने खाणार.

तुमच्यातलं कोण अजून गाल धरून बसलंय? सांगा, सोबत मी येते.